खासगी रँचवर बिग गेम (मोठ्या जनावरांच्या) शिकारीची ऑफर: कायदेशीर आहे का, तपासायचं कसं?

पाणवठा:
एका एजन्सीची ऑफर आहे. दक्षिण आफ्रिकेत लिम्पोपो प्रांतातलं खासगी फार्म, सात दिवस, कुडू आणि गेम्सबॉक (दोन्ही मोठ्या हरणांसारखी जनावरं) आणि केप बफेलो (तिथली रानम्हैस). वर 'बिबट्या मागणीनुसार' अशी एक ओळ. तेच पॅकेज थोड्या फरकाने नामिबियातही देतात. त्यांचं म्हणणं असं:

जमीन खासगी, जनावरं मालकाच्या मालकीची, म्हणून सरकारी परवाना नको आणि कोट्याचा (किती जनावरं मारायची त्या सरकारी मर्यादेचा) प्रश्नच नाही. रायफल तिथेच भाड्याने मिळेल. ट्रॉफी (मारलेल्या जनावराचं डोकं, शिंगं, कातडी) भारतात घरपोच. निम्मे पैसे आगाऊ.

शिकार योग्य की अयोग्य हा वाद या धाग्यावर नको. यातलं खरं किती, आणि पैसे पाठवण्याआधी कोणते कागद मागायचे, एवढंच विचारतोय.

बाभूळबन:
एजंटने अर्धं खरं सांगून त्यावर पूर्ण खोटं रचलंय, त्यामुळे ते पटण्यासारखं वाटतं.

खरा भाग आधी. दक्षिण आफ्रिकेत १९९१ चा 'गेम थेफ्ट अॅक्ट' आहे. जमिनीला पुरेसं कुंपण आहे असा प्रांताचा दाखला मालकाकडे असेल, तर आतल्या वन्य जनावरांवर त्याची मालकी कायद्याने टिकते. जनावर कुंपणाबाहेर निसटलं तरी मालकी जात नाही. आपल्याकडे अशी कल्पनाच नाही, म्हणून 'मालकाची जनावरं' ऐकलं की आपल्याला थाप वाटते. ती थाप नाही.

पण मालकी आणि मारण्याची परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत. सातबारा नावावर असला म्हणून शेतात काहीही करता येत नाही, तसंच. त्यामुळे 'परवाना नको' हे वाक्य ज्या ईमेलमध्ये आहे तो ईमेल जपून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

परदेशी ग्राहकासाठी तिथे किमान इतकं लागतं. शिकार विकणाऱ्याकडे 'हंटिंग आउटफिटर'चा परवाना हवा. शिकारीत तुमच्यासोबत परवानाधारक 'प्रोफेशनल हंटर' हवा. हे परवाने प्रांतिक असतात, म्हणजे दुसऱ्या प्रांतात तो परवाना चालेल असं गृहीत धरू नका. शिकारीआधी आउटफिटर आणि ग्राहक यांच्यात लेखी करार होतो, आणि शिकार संपल्यावर काय मारलं त्याचं रजिस्टर भरून दोघे सह्या करतात. पुढे ट्रॉफी बाहेर काढताना हेच रजिस्टर लागतं. ज्याला करार 'नंतर बघू' वाटतो, त्याच्याकडे रजिस्टरही नसणार.

मग जनावराचा प्रश्न. कुडू आणि गेम्सबॉक साधारणपणे मालकाच्या दाखल्यात किंवा प्रांतिक परवान्यात बसतात. दाखल्याची प्रत मागा आणि त्यात तीन गोष्टी पाहा: जमिनीचं अधिकृत नाव, प्रजातींची यादी, मुदत. मुदत संपलेले दाखले सर्रास फिरतात.

'धोक्यातील किंवा संरक्षित' यादीतल्या प्रजातींना, म्हणजे गेंडा, सिंह, हत्ती, बिबट्या यांना, २००४ च्या जैवविविधता कायद्याखालचा वेगळा परवाना लागतो. तो शिकाऱ्याच्या नावावर निघतो आणि शिकारीच्या वेळी जवळ बाळगावा लागतो. इथे कुंपण कितीही उंच असलं तरी सुटका नाही.

आणि तो 'बिबट्या मागणीनुसार'. बिबट्या सायटीसच्या (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत, आहे. दक्षिण आफ्रिकेला वर्षाला १५० चा निर्यात कोटा आहे, पण तो कमाल आकडा. प्रत्यक्षात किती द्यायचे ते सरकार दरवर्षी ठरवतं. २०१६ आणि २०१७ मध्ये शून्य होता. २०२२ मध्ये १० बिबट्यांचा कोटा जाहीर झाला आणि एप्रिलमध्ये केप टाऊनच्या उच्च न्यायालयाने तोही रोखला. जे जनावर मिळेल की नाही हे त्या वर्षी सरकारलाच माहीत नसतं, ते 'मागणीनुसार' देणारा माणूस एक तर अडाणी आहे किंवा चोर. माझ्या लेखी एवढ्या एका ओळीवर ही ऑफर बाद व्हायला हवी.

सीमोल्लंघन:
नामिबियाचं थोडं सांगतो, कारण तिथले नियम वाचायला सोपे आहेत आणि त्यामुळे खोटेपणा लवकर उघडा पडतो.

१९७५ च्या निसर्गसंवर्धन अध्यादेशाने शेतमालकांना कुडू, गेम्सबॉक, स्प्रिंगबॉक, वॉर्टहॉग अशा ठरावीक प्रजातींवर सशर्त हक्क दिला. तरीही परदेशी माणसाच्या ट्रॉफी शिकारीला पर्यावरण मंत्रालयाचा परवाना लागतोच. ट्रॉफीचा हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर. डिसेंबरची तारीख देणाऱ्याशी पुढे बोलूच नका. एका प्रजातीच्या दोनपेक्षा जास्त ट्रॉफी एका शिकाऱ्याला नाहीत, त्यामुळे 'चार कुडूंचं पॅकेज' हेही तिथेच संपलं.

सोबतच्या माणसाचा दर्जा नीट पाहा, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. 'हंटिंग गाइड' फक्त स्वतःच्या किंवा जिथे नोकरीला आहे त्या फार्मवर शिकार नेऊ शकतो. 'मास्टर हंटिंग गाइड' स्वतःचं फार्म अधिक आणखी दोन. कुठेही नेण्याची मुभा 'प्रोफेशनल हंटर'ला. आणि बफेलो, हत्ती, सिंह अशा जनावरांसाठी 'बिग गेम' दर्जाची नोंदणी लागते. परवाना खरा, माणूस खरा, पण शेजारच्या फार्मवर नेलं की शिकार बेकायदा. मालक शेजाऱ्याशी तोंडी बोलून ठेवतो आणि ग्राहकाला कुंपण ओलांडल्याचं कळतही नाही.

रायफलीलाही किमान ऊर्जेची अट आहे: स्प्रिंगबॉकला १३५० जूल, कुडू-गेम्सबॉकला २७००, बफेलोला ५४००. भाड्याची रायफल कोणत्या कॅलिबरची हे आधी विचारा. एकाच रायफलीवर सगळं उरकतो म्हणणाऱ्याला हा प्रश्न अडचणीचा जातो.

जाता जाता: केनियात १९७७ पासून ट्रॉफी शिकार बंद आहे. केनियातल्या 'प्रायव्हेट रँच'ची ऑफर आली तर कागद मागण्याचीही गरज नाही.

नकाशेवाला:
वरचं सगळं मान्य, पण ठिकाण कुणी विचारलेलं नाही. फार्मचं नाव, जिल्हा आणि सीमेचे अक्षांश-रेखांश लेखी मागा आणि स्वतः नकाशावर टाकून पाहा. राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेली खासगी जमीन हा वेगळाच प्रकार असतो. तिथली मोठी जनावरं बहुतेक वेळा मालकाची नसतात, उद्यानातून आलेली असतात.

झिम्बाब्वेत एका अमेरिकी ग्राहकाने सेसिल नावाचा सिंह मारला, ते प्रकरण नेमकं हेच होतं. जुलै २०१५, ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेरची खासगी जमीन. झिम्बाब्वेत १९७५ च्या कायद्याने जमीनमालकाला त्याच्या जमिनीवरच्या वन्यजीवांबाबत अधिकार आहेत, पण शिकार कोट्यातच. उद्यान प्राधिकरणाचं म्हणणं होतं की त्या जमिनीला त्या वर्षी सिंहाचा कोटाच दिलेला नव्हता. गंमत म्हणजे अमेरिकी ग्राहकाची स्वतःची कागदपत्रं बरोबर असल्याचं सांगून सरकारने त्याच्यावर खटला भरला नाही. सोबतच्या व्यावसायिक शिकाऱ्यावरचे आरोपही नोव्हेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले. म्हणजे ग्राहकाची फाइल स्वच्छ असूनही मूळ प्रश्न उरतोच: या प्रजातीसाठी, या जमिनीवर, या वर्षी कोटा होता का? तिन्ही गोष्टी एकाच कागदावर दिसल्या पाहिजेत. प्रजाती एका पत्रात आणि जमीन दुसऱ्यात, असं असेल तर तो कोटा दुसऱ्याच जमिनीचा असू शकतो.

पाणवठा:
खूप उपयोगी माहिती. एजन्सीने आता एका परवान्याची पीडीएफ आणि शिकाऱ्यांच्या संघटनेचं सदस्यत्व प्रमाणपत्र पाठवलंय. परवान्यावर फार्मचं नाव काळं केलंय, 'गोपनीयतेसाठी' म्हणे. एवढ्यावर विश्वास ठेवावा का?

बाभूळबन:
नाही. झाकलेलं नाव म्हणजे दुसऱ्या कुणाचा परवाना, असंच धरून चाला. ज्या जमिनीवर तुम्ही जाणार तिचं नाव तुमच्यापासून लपवण्यात कसली गोपनीयता?

संघटनेचं सदस्यत्व म्हणजे परवाना नव्हे. ती खासगी संस्था असते, सरकारी खातं नाही. तिच्या आचारसंहितेचा काही उपयोग असतो, पण त्यातही मतभेद आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या व्यावसायिक शिकाऱ्यांच्या मुख्य संघटनेने २०१७ मध्ये पिंजऱ्यात वाढवलेल्या सिंहांच्या शिकारीला मान्यता दिली तेव्हा सदस्य बाहेर पडले आणि त्यांनी वेगळी संघटना काढली. तेव्हा प्रमाणपत्र कुणाचं आहे तेही पाहा.

पडताळणी अशी करा. परवाना क्रमांक, देणाऱ्या कार्यालयाचं नाव, कुणाच्या नावे, फार्म, प्रजाती, मुदत हे सगळं एका ईमेलमध्ये लिहा आणि थेट परवाना देणाऱ्या खात्याला विचारा: हा परवाना तुम्ही दिलाय का, आणि आज वैध आहे का? लिम्पोपोत हे काम प्रांताच्या आर्थिक विकास, पर्यावरण आणि पर्यटन खात्याकडे आहे. पत्ता सरकारी संकेतस्थळावरून घ्या, पीडीएफवर छापलेला वापरू नका. बनावट कागदावर फोन नंबरही बनावट असतो आणि पलीकडून 'हो, वैध आहे' असं गोड उत्तर येतं. उत्तराला वेळ लागतो. 'उद्यापर्यंत आगाऊ रक्कम आली नाही तर जागा जाईल' हा दबाव त्यासाठीच असतो.

तरटी:
यात एक भर. परवाना खरा आहे एवढ्याने शिकार खरी ठरत नाही. दक्षिण आफ्रिकेत गेंड्याच्या 'खोट्या शिकारी' झाल्या, त्यात परवाने अस्सल होते. ज्यांच्या नावावर ते काढले ते शिकारी नव्हतेच, माल शिंगाच्या बाजारात जायचा. एका थाई नागरिकाला २०१२ मध्ये यासाठी ४० वर्षांची शिक्षा झाली, अपिलांत ती १३ वर्षांवर आली. त्याच वर्षी व्हिएतनामी अर्जदारांना गेंड्याचे परवाने देणं थांबवण्यात आलं. म्हणून कुणी 'परवाना तुमच्या नावावर काढू, तुम्ही आलात तरी चालेल, नाही आलात तरी' असं सुचवलं, किंवा ट्रॉफी दुसऱ्या देशात पाठवायला सांगितलं, तर तिथेच थांबा. कागदावर शिकारी तुम्ही, आरोपीही तुम्हीच.

बाकी भाड्याची रायफल हा या ऑफरमधला सगळ्यात सरळ भाग. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यात परवानाधारकाच्या थेट देखरेखीखाली दुसऱ्याला त्याचं शस्त्र वापरता येतं. स्वतःची रायफल न्यायची तर पोलिसांचा एसएपीएस ५२० हा तात्पुरत्या आयातीचा फॉर्म लागतो आणि एका शस्त्रामागे २०० काडतुसांची मर्यादा आहे. भाड्याचीच बरी.

'ट्रॉफी घरपोच' मात्र कुणाच्याही हातात नाही. परिशिष्ट १ मधल्या जनावराला दोन्ही देशांचे परवाने लागतात, आणि आयात करणाऱ्या देशाची संमती आधी हवी. म्हणजे बिबट्याच्या बाबतीत पहिला कागद भारतातून निघायला हवा. त्याहून कमी कडक असलेल्या परिशिष्ट २ ला किमान निर्यात परवाना. कुडू, गेम्सबॉक, बफेलो सायटीसमध्ये नाहीत, पण कातडी आणि शिंगं म्हणजे प्राणिजन्य माल, त्यामुळे पशुवैद्यकीय दाखला आणि क्वारंटाइनचा प्रश्न येतो. पैसे देण्याआधी वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोच्या विभागीय कार्यालयाला आणि कस्टम्सला प्रजातीचं शास्त्रीय नाव देऊन लेखी विचारा. लेखी होकार येईपर्यंत फोटोवर समाधान मानायची तयारी ठेवा. एजंटचा होकार कस्टम्सच्या काउंटरवर चालत नाही.

हुरडापार्टी:
थोडं अवांतर. आपल्याकडेही 'शेतावर रानडुकराची शिकार, मुक्कामासह' असे मेसेज फिरतात. शेतकऱ्याला परवानगी असते म्हणतात. ते कायदेशीर का?

सीमोल्लंघन:
पर्यटन म्हणून, पैसे घेऊन? कायदेशीर नाही. भारतात खासगी जमिनीवरची मनोरंजनासाठीची शिकार हा प्रकारच उरलेला नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ९ अनुसूचीतल्या (कायद्याला जोडलेल्या संरक्षित प्रजातींच्या यादीतल्या) जनावरांची शिकार थेट बंद करतं, जमीन कुणाचीही असो. 'शिकार' या शब्दात फास लावणं, हाकारणं, आमिष दाखवणं आणि नुसता प्रयत्नही येतो. अपवाद कलम ११ चा: पिकाला किंवा माणसाला धोका असेल तर अधिकृत अधिकारी लेखी आदेशाने, कारण नमूद करून, परवानगी देऊ शकतो. रानडुक्कर आणि नीलगाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची २ मध्ये आहेत, म्हणून त्यांना मारायचं तर कलम ११ चीच परवानगी लागते. पण ही परवानगी पीक वाचवण्यासाठी आहे, पाहुण्यांना विकण्यासाठी नाही.

आणि मेसेजमधली 'मटणासह' ही ओळ तर सरळ पुरावा आहे. कलम ३९ नुसार कलम ११ खाली कायदेशीर मारलेलं जनावरही सरकारची मालमत्ता असतं. सुळे, कातडी, मांस, सगळं.

'उपद्रवी' घोषणेचा (म्हणजे त्या जनावराला मारण्यावरची बंदी उठवल्याचा) दाखला देतात तोही तपासा. ती कलम ६२ खाली केंद्र सरकार करतं, ठरावीक भागासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी. बिहारात डिसेंबर २०१५ मध्ये नीलगाय आणि रानडुकरासाठी एका वर्षाची झाली होती. अशा जुन्या अधिसूचनेचा फोटो दुसऱ्या राज्यात दाखवून गिऱ्हाईक गाठतात. बंदुकीचंही तसंच, पीक संरक्षणाचा परवाना शेतकऱ्याच्या नावावर असतो, पाहुण्याच्या नाही. मदत करणाऱ्यावर, म्हणजे जीप चालवणाऱ्यावरसुद्धा, गुन्हा लागतो आणि जीप जप्त होते.

पाणवठा:
समजलं. बिबट्याची ओळ काढून टाका आणि फार्मचं पूर्ण नाव द्या, असं एजन्सीला कळवलंय. द्यायला तयार झाले तर करारात काय पाहू?

बाभूळबन:
आउटफिटरचं नाव आणि परवाना क्रमांक. पैसे ज्या खात्यात जाणार ते खातं त्याच नावाचं आहे का, की भलत्याच देशातल्या भलत्याच कंपनीचं. सोबत येणाऱ्या प्रोफेशनल हंटरचं नाव. फार्मचं नाव दाखल्यात आहे तसंच, अक्षरही न बदलता. 'किंवा जवळपासची अन्य जमीन' असे शब्द असतील तर खोडायला सांगा. प्रत्येक प्रजातीची स्वतंत्र किंमत. जखमी होऊन निसटलेलं जनावर मारलेलं धरतात आणि त्याचे पूर्ण पैसे घेतात, ही सर्वत्र पद्धत आहे, पण ती लिहिलेली हवी. परवाना न मिळाल्यास आगाऊ रक्कम परत, किती दिवसांत, तेही. हे शेवटचं कलम घालायला नकार दिला, तर परवाना मिळेल याची त्यांनाच खात्री नाही.