वचन ऐकताना मन मऊ कसं ठेवायचं?

शाहूपुरीकर:
सलाम सगळ्यांना. बरेच दिवस मनात होतं, आज विचारतोच. मी कोल्हापूरचाच, लहानपणापासून चर्चमध्ये, गेली १४ वर्षं शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, पोरांना शिकवतोय, आणि आता झालंय असं की रविवारी वचन, म्हणजे बायबलमधला उतारा, वाचायला सुरुवात झाली की मला पुढचं सगळं पाठ असतं, मग मी ऐकत नाही, तपासत बसतो, पाळकसाहेबांनी हा मुद्दा सोडला, तो संदर्भ राहिला असलं. गेल्या रविवारी २ शमुवेलचा १२ वा अध्याय होता, दावीद राजानं दुसऱ्याची बायको घेतली म्हणून नाथान संदेष्टा त्याला गोष्ट सांगतो, एक श्रीमंत माणूस गरिबाची एकुलती एक मेंढी घेतो ती. पूर्ण वेळ माझ्या डोळ्यासमोर माझा थोरला भाऊ, कारण आमचा बांधावरनं वाद चाललाय, मनात म्हटलं आज हा इथं पाहिजे होता. घरी जेवताना पोरीनं विचारलं, पप्पा आज तुम्हाला काय मिळालं? सांगायला काहीच नव्हतं ओ. लई वाईट वाटलं. नम्र मनानं ऐका म्हणतात, ते करायचं कसं?

कागलचा_शेतकरी:
सलाम भाऊ. येशूनं सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी म्हणजे वचन, आणि त्यातलं काही वाटेवर पडून वाया जातंय बघा, लूक ८ मध्ये. मी शेतकरी माणूस, मला कायम वाटतं ती वाटेची माती काय वेगळी नसते, त्याच रानातली असते, फक्त येऊन जाऊन तुडवून घट्ट झालेली. तुमचं १४ वर्षं शिकवणं म्हणजे त्याच वचनावरनं रोजची ये-जा. माती वाईट नाही तुमची. होशेय १०:१२ मध्ये पडीत जमीन नांगरा म्हटलंय ते उगीच नाही. आणि नांगरायलाबी वाफसा लागतो, कोरड्यात ढेकळं निघतात, चिखलात जमीन दाबली जाते. म्हणून मी रविवारी सकाळी घरातनं निघायच्या आधी दहा मिनिटं नुसता गप्प बसतो, मोबाईल बाजूला, आणि आठवड्यात कुणाला काय बोललो ते देवापुढं कबूल करतो. तेवढ्यानं फरक पडतो, मला तरी पडलाय.

गडहिंग्लजची_ताई:
दादा रागावू नका, पण तुम्ही दावीदासारखंच ऐकलंत. तोही त्या श्रीमंत माणसावर भडकला होता, मेला पाहिजे म्हणाला, आणि मग नाथान म्हणाला तो मनुष्य तूच आहेस. तुमचा अध्याय त्या ओळीच्या आधीच थांबला बहुतेक.
माझ्या सासूबाईंना वाचता येत नव्हतं. मी वाचायचे, त्या भाकऱ्या थापत ऐकायच्या, आणि मधेच म्हणायच्या, ते परत वाच, ते मला लागलं. कधी कधी एकाच वचनावर सगळी संध्याकाळ. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबल आणलं ते असल्याच बायकांना कळावं म्हणून, १९२२ ला जाईपर्यंत त्या कामात होत्या. तुम्ही एकदा घरात पोरीला वाचायला सांगा आणि तुम्ही शिक्षक नाही, नुसते ऐकणारे व्हा.

राजारामपुरी_तरुण:
एक शंका. नम्र म्हणजे पाळक बोलतील ते सगळं गिळायचं असं नको व्हायला. प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये बिरुया गावचे लोक पौलाचं बोलणं खरं का ते बघायला रोज शास्त्र तपासत होते आणि त्यांचं कौतुकच केलंय.

गडहिंग्लजची_ताई:
बरोबर आहे बाळा, पण तिथं क्रम बघ, आधी मोठ्या उत्सुकतेनं वचन स्वीकारलं आणि मग तपासलं. याकोब १:२१ पण सौम्यतेनं स्वीकारा म्हणतो. तपासायला ना नाही, दादांचं फक्त पहिलं पाऊल राहतंय.

शाहूपुरीकर:
ताई, ती ओळ खरंच मला लागली, दोन वेळा वाचली आत्ता. बांधाच्या भांडणात माझी पण दोन हात जमीन जास्तीची आहे, आजवर कुणाला बोललो नव्हतो. आज रात्री पोरीला तोच अध्याय वाचायला सांगतो, यावेळी शेवटपर्यंत.