शब्दचर्चा : अंड्युलेटरला ‘दोलक’ म्हणावे का?

प्रश्न : इलेक्ट्रॉनांच्या झोतापासून क्ष-किरण वगैरे मिळवण्याच्या ‘अंड्युलेटर’ या साधनावर एक भाषांतर तपासतोय. त्यात ‘संक्षिप्त चुंबकीय दोलक, आवर्तकाल १ सेंमी’ असं आहे. ‘दोलक’ कानाला बरा वाटतो. ठेवू का?

प्रतिसाद : नका ठेवू. दोलक स्वतः झुलतो. इथले चुंबक जागचे हलत नाहीत. ध्रुव आलटूनपालटून लावलेल्या दोन रांगा समोरासमोर असतात, मधल्या फटीतून इलेक्ट्रॉन नागमोडी जातो आणि वळता वळता प्रकाश सोडतो. मुळात लॅटिन ‘उंडा’ म्हणजे लाट. पण ‘तरंगक’ म्हटलं की पाण्यावर तरंगणारं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. ‘लहरी’चं तर विचारूच नका. अंड्युलेटरच राहू द्या. ‘संक्षिप्त’ मात्र काढा, तो मजकूर असतो. यंत्र आटोपशीर असतं.

प्रश्नकर्ता : आटोपशीर म्हणजे लांबीला कमी, एवढंच ना?

प्रतिसाद : नाही, आणि तुमचा ‘आवर्तकाल’ इथेच आडवा येतो. सेंटिमीटरमध्ये काळ कसा मोजणार? ती आवर्तनलांबी : एका उत्तर ध्रुवापासून त्याच रांगेतल्या पुढच्या उत्तर ध्रुवापर्यंतचं अंतर. प्रकाशाची तरंगलांबी तिच्या सम प्रमाणात आणि इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. विक्षेपांक म्हणजे इलेक्ट्रॉन किती वळतो ते सांगणारा आकडा; तो चुंबकक्षेत्र आणि आवर्तनलांबी यांच्या गुणाकारावर ठरतो. तो १ धरला, तर २ सेंमी आवर्तनलांबी आणि ३ गिगॅ-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला साधारण ०.४४ नॅनोमीटर तरंगलांबी मिळते. आवर्तनलांबी १ सेंमी केली की तीच तरंगलांबी २.१ गिगॅ-इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये येते. म्हणजे खरी बचत मागच्या त्वरकात, इलेक्ट्रॉनांना ही ऊर्जा देणाऱ्या यंत्रात. पण विक्षेपांक तोच हवा तर चुंबकक्षेत्र ०.५४ वरून १.०७ टेस्लावर न्यावं लागतं. शिवाय आवर्तनलांबीच्या मानाने फट मोठी झाली की क्षेत्र झपाट्याने पडतं, म्हणून फटही निम्मी करायची. झोत मात्र त्या काही मिलिमीटरांतूनच न्यायचा! म्हणून कधी कधी चुंबकच निर्वात नळीच्या आत बसवतात.

आणखी एक : विक्षेपांक बराच मोठा असला की अशा साधनाला विगलर म्हणतात. त्याला मी खुशाल ‘वळवळ्या’ म्हणेन. आणि भाषांतरात ‘किरणोत्सर्ग’ असेल तर तोही बदला, वाचकाला अणुभट्टी आठवेल. ‘प्रारण’ शाळेच्या पुस्तकातलाच शब्द आहे.

प्रश्नकर्ता : मग असं? ‘आटोपशीर अंड्युलेटर : इलेक्ट्रॉनांना नागमोडी चालवून प्रारण मिळवणारी चुंबकमाळ.’

प्रतिसाद : ‘चुंबकरांगा’ करा. माळ एकच होते, इथे फटीच्या दोन्ही बाजूंना रांग हवी.