बालविवाह थांबवायचा तर आईबापांना तुरुंगात टाकायचं का?

सुलभा (परिचारिका):
गेल्या आठवड्यात आमच्या प्रसूती कक्षात एक पोर आली. कागदावर वय १९. पाय सुजलेले, डोकं ठणकतंय, रक्तदाब १७०/११०. पाहता पाहता आकडीचा झटका आला. दोघी वाचल्या, ती आणि तिची लेक. नंतर तिची पिशवी आवरताना आतून कंपासपेटी निघाली. खरं वय १६.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत किशोरवयीन मुलींच्या दर १० बाळंतपणांतली ९ बाळंतपणं १८ च्या आत लग्न झालेल्या मुलींची असतात. लोक मात्र 'हल्लीच्या मुली बिघडल्या' म्हणून ओरडतात. अहो, आपणच लग्न लावून त्यांना या खाटेवर आणतो! माझं मत स्पष्ट आहे: लावून देणाऱ्या आईबापांना तुरुंग.

वामन (शिक्षक):
सुलभाताई, तुमची तळमळ पोचली, उपाय पटला नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं वहीत चिठ्ठी ठेवली होती, "सर, लग्न थांबवा. पण बाबांना पोलीस नेणार असतील तर राहू द्या." शिक्षेचा धाक वाढला की आधी या चिठ्ठ्या बंद होतात. लग्नं लपूनछपून लागतात. दिवस गेलेली मुलगी दवाखान्याची पायरी चढायला घाबरते. त्या कागदावर १९ का लिहिलं होतं, याचा विचार करा.

रेवती (वकील):
सर, म्हणून कायदा सैल ठेवायचा? २०१७ मध्ये आफ्रिकेतल्या मलावी देशानं घटनादुरुस्ती केली आणि पालकांच्या संमतीनं १८ च्या आत लग्न लावायची पळवाट बंद केली. त्याच वर्षी बांगलादेशानं नव्या कायद्यात 'विशेष परिस्थिती'ची सवलत ठेवली. घरातल्या प्रत्येकाला आपली परिस्थिती विशेषच वाटते. "कायद्यात बसत नाही" एवढं एक वाक्य तरी मुलीच्या हाताशी हवं.

वामन:
वयाची अट पक्की हवीच, त्यावर वाद नाही. पण मलावीचंच घ्या. तिथल्या पारंपरिक प्रमुख थेरेसा काचिंदामोतो यांनी शेकडो बालविवाह मोडले आणि मुलींना परत शाळेत बसवलं. असली लग्नं चालू देणाऱ्या हाताखालच्या प्रमुखांना त्यांनी पदावरून दूर केलं. दणका बसला तो अधिकार असलेल्यांना.

एक आई:
माझं लग्न १५ व्या वर्षी झालं. तरी लेकीला स्थळ आलं तेव्हा मन डळमळलं. शाळा लांब, रस्ता सुनसान, ती घरी येईपर्यंत जीव टांगणीला. तुरुंगाची भीती नव्हती, त्या रस्त्याची होती. तिच्यासोबत जायला आणखी चार मुली मिळाल्या, म्हणून ती आज शिकतेय.

सुलभा:
आई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. लग्न लावणाऱ्यांवरचा राग जात नाही माझा. पण त्या पोरीचे वडील रात्रभर दाराशी बसून होते, हेही खरं.

उद्या तिला घरी सोडतील. दुसरं मूल इतक्यात नको, त्यासाठी काय वापरायचं, हे सासू बाहेर गेली की तिला एकटीला सांगणार आहे. वामनसर, तुमच्या शाळेत बाळंत झालेल्या मुलीला परत वर्गात घेतात का?