सड्यावरच्या पवनचक्क्या: वारा आहे, पण वर्षभर पुरेल का?

कातळवाट: देवगड तालुक्यातल्या आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पवनचक्क्या उभारण्याचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे आला आणि ‘समुद्रकाठी वारा असतोच’ एवढ्या भरवशावर अनेकांनी मान डोलावली. माझा विरोध पवनऊर्जेला नाही, या घाईला आहे. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्म्यावर आला की शक्ती आठव्या हिश्शावर येते. आषाढात सड्यावर छत्री उघडता येत नाही हे खरे, परंतु ऑक्टोबरच्या उकाड्यात गडग्यावर वाळत टाकलेले गवतसुद्धा हलत नाही. म्हणून उंच मनोऱ्यावर किमान वर्षभर मोजणी झाल्याशिवाय जागा योग्य की अयोग्य, हे ठरवूच नये.

खाडीपलीकडे: कोकण किनारा या कामात नवखा नाही. 1986 साली देशातले पहिले पवनऊर्जा प्रकल्प उभे राहिले, तेव्हा त्यांत आपला किनाराही होता. ती यंत्रे 55 किलोवॉटची आणि ठेंगणी होती. आताची दोन-तीन मेगावॉटची, शंभर मीटरहून उंच असतात आणि तिथे वारा अधिक स्थिर मिळतो. पावसाळ्यात ढगांमुळे सौरऊर्जा घटते, नेमका तेव्हाच आपला वारा जोरात असतो, ही जोडी आपण का सोडावी?

कातळवाट: जोडीचा मुद्दा मला मान्य आहे. तरीही राज्यातले मोठे प्रकल्प पुढे साताऱ्याच्या वनकुसवडे, चाळकेवाडी पठारांवर आणि धुळ्याकडे गेले, याचा विचार व्हावा. शिवाय साधारण 25 मीटर प्रतिसेकंद वेगाला यंत्र स्वतःहून थांबते, त्यामुळे वादळी वारा वीज देत नाही. 3 जून 2020 चे ‘निसर्ग’ वादळ किनाऱ्याने सोसले आहे. साठ मीटरच्या आसपास लांबीचे पाते घाटातल्या वळणांवरून कसे आणणार आणि खाऱ्या हवेत देखभालीला किती खर्च येणार, हेही आधीच मांडले पाहिजे.

पाणवठा: मी पायथ्याच्या वाडीत राहतो, म्हणून मला वाऱ्यापेक्षा पाण्याची काळजी अधिक वाटते. सड्याचा जांभा दगड सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्यात मुरतो आणि खाली आमच्या झऱ्याला येतो. आमच्या विहिरीवर मार्चनंतर कळशी भरायला थांबावे लागते. एकेका चक्कीच्या पायासाठी शेकडो घनमीटर काँक्रीट ओतले जाते, त्याखेरीज रुंद रस्तेही येतील. कोकणातली कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. आमच्या सड्याचा कातळ त्या दृष्टीने कोणी पायी फिरून तपासलेलाही नाही.

खाडीपलीकडे: पाण्याचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता. मोजणीचा मनोरा उभारण्यास माझी हरकत नाही. त्याच वर्षात झऱ्याचे पाणीही दर महिन्याला मोजावे. मात्र मोजणीचे आकडे अनुकूल आले, तर तेव्हा पुन्हा नवे कारण पुढे करू नये, एवढे वचन मला ग्रामसभेत हवे आहे.

पाणवठा: झरा मोजूनही अनुकूल निघाला, तर मी ते वचन देईन.