प्रति: घरच्या नेटवर्कला नाव कुठलं?

घरातल्या यंत्रांच्या नावांना शेवटी 'डॉट लोकल' लावा असं वर कुणी सुचवलंय, पण त्या वाटेला मी तरी पुन्हा जाणार नाही. फोंड्याच्या घरी मीही तेच ठेवलं होतं. माडीवर एक जुना पीसी सर्व्हर म्हणून चालतो, त्याचं नाव 'माडी डॉट लोकल'. बायकोच्या लॅपटॉपवर उघडायचं, माझ्या लिनक्सवर लहर लागली तर. दोन रविवार राउटरला शिव्या घातल्या, पण त्या बिचाऱ्याचा दोष नव्हताच. 'डॉट लोकल' हे नाव २०१३ पासून मल्टिकास्ट डीएनएससाठी, म्हणजे यंत्रांनी एकमेकांनाच थेट विचारून नाव शोधायच्या पद्धतीसाठी, राखीव आहे. यंत्र बऱ्याचदा राउटरला विचारतच नाही, घरभर हाळी देतं, 'माडी कोण रे?' उत्तर आलं नाही की गप्प.

'डॉट डेव्ह' तर नकोच. ते गूगलचं खरंखुरं डोमेन, आणि ब्राउझर तिथे एचटीटीपीएसचाच, म्हणजे सर्टिफिकेट लागणाऱ्या सुरक्षित जोडणीचाच, हट्ट धरतो.

घरासाठी 'होम डॉट आर्पा' अधिकृत आहे, २०१८ पासून. टायपायला मात्र कंटाळा येतो. 'डॉट इंटर्नल' हे इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन संस्थेने २०२४मध्ये खासगी वापरासाठी राखून ठेवलं, मी तेच घेतलं. त्याला लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं फुकट एचटीटीपीएस सर्टिफिकेट मिळत नाही, एवढंच. ते हवंच असेल तर स्वतःचं डोमेन विकत घेऊन त्याचं सबडोमेन, म्हणजे त्याच नावाच्या आधी एखादा शब्द जोडून केलेलं नाव, घरात वापरा. घरातल्या चार यंत्रांसाठी दरवर्षी पैसे भरायची माझी काही तयारी नाही.