एसपीपीचा सिंबॉल बनवला, पण वायर त्याला चिकटतच नाही (क्यूइलेक्ट्रोटेक)

मिऱ्याबंदर_वायरमन (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी कॉम्प्युटरवाला नाही. आयटीआयचा वायरमन. २२ वर्षं बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यांची आणि आंबा-नारळाच्या बागांतल्या पंपांची कामं करतोय. आजवरची माझी सगळी ड्रॉइंगं लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर झाली. त्यात काही वाईट नव्हतं, पत्रिकेचा कागद जाड असतो.

गेल्या ऑगस्टात, बोटी नुकत्या सुटल्या होत्या तेव्हा, एका बर्फाच्या कारखान्यात कंप्रेसरची ३० एचपीची मोटर जळली. लाइनवर फांदी पडून एक फेज गेला होता आणि पॅनलमधला सिंगल फेज प्रिव्हेंटर (एसपीपी, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारी डबी) कुणीतरी बायपास करून ठेवलेला. कुणी केला ते कुणी सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. दुरुस्तीला पॅनल उघडलं तर दारातलं ड्रॉइंग वाळवीनं अर्धं खाल्लेलं. स्टार-डेल्टाचा टायमर शाबूत होता, कंट्रोलची वायर कुठून कुठं जाते ते मात्र वाळवीच्या पोटात.

आता १ जूनपासून मासेमारी बंद आहे, ३१ जुलैपर्यंत बर्फाला गिऱ्हाईक नाही. तेवढ्या वेळात पॅनल नवं बांधायचंय आणि मालकाला ड्रॉइंग कॉम्प्युटरवरच हवंय. भाच्यानं लॅपटॉपवर क्यूइलेक्ट्रोटेक (वायरिंगची ड्रॉइंगं काढायचं सॉफ्टवेअर) टाकून दिलं आणि तो पुण्याला निघून गेला.

कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड, मोटर, पुश बटण, सगळं तयार मिळालं. आपला एसपीपी तेवढा सापडला नाही. फेज बघणारे दुसरे रिले आहेत, पण आपल्याकडच्या डबीवर तीन फेजची आर, वाय, बी आणि खाली कॉन्टॅक्टची दोन टर्मिनलं असतात, तसा नाही. म्हणून एलिमेंट एडिटर उघडून स्वतःच काढला. चौकोन, वर तीन टर्मिनलं, खाली दोन. दिसायला अगदी डबीसारखा झाला.

पण फोलिओवर (ड्रॉइंगच्या पानावर) ठेवला की दुसऱ्या सिंबॉलना जशी वायर आपोआप जोडली जाते तशी याला जोडली जात नाही. हातानं ओढली तर आर आणि बी ठीक, वायच्या वायरीला मधेच एक बारीक पायरी पडते, भिंतीवरची केसिंग पट्टी वाकडी बसावी तशी. सिंबॉल परत उघडला, टर्मिनल सरकवलं, सेव्ह केलं. ड्रॉइंगमध्ये जुनाच! पुसून संग्रहातून परत ओढून आणला, तरी जुनाच! चार वेळा केलं. शेवटी बायको म्हणाली, झोपा आता.

अजून एक. आत एसपीपी१ लिहिलंय, ते दुसऱ्या पंपाच्या पानावरही एसपीपी१च येतं. काय चुकतंय?

कुडाळची_पॅनलवाली

दादा, तुमचा सिंबॉल मी पाहिलेला नाही, पण काय झालं असेल ते ओळखते, कारण पहिल्या महिन्यात मीही हेच केलं होतं.

वायरीची पायरी आधी. फोलिओवर जाळी १० बाय १०ची असते. सिंबॉल ठेवताना त्याचा मूळबिंदू जाळीवर बसतो, टर्मिनलं नाही. म्हणजे टर्मिनल मूळबिंदूपासून १०च्या पटीत नसेल तर ते जाळीच्या बाहेरच राहणार. तुमचं आर समजा उणे २०वर असेल, बी अधिक २०वर आणि वाय २ किंवा ३वर. एडिटरमध्ये माउसनं ठेवताना डोळ्याला मध्यावर वाटतं, आकडा वेगळा असतो. टर्मिनलवर क्लिक करा, बाजूच्या खिडकीत एक्स आणि वाय दिसतात, तिथं हातानं ०, १०, २० असे आकडे टाका. डोळ्यावर विश्वास नको.

वायर आपोआप का जुळत नाही, तर दिशा. प्रत्येक टर्मिनलला उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशी दिशा असते. वरच्या कॉन्टॅक्टरचं खालचं टर्मिनल दक्षिणेकडं बघतं, तुमच्या एसपीपीचं वरचं उत्तरेकडं बघायला हवं. दोघं समोरासमोर आणि एका रेषेत आले तरच वायर पडते. तुमची पाचही टर्मिनलं एकाच दिशेची झाली असतील. वरची तीन उत्तर, खालची दोन दक्षिण करा. आणि आपोआप जोडण्याचं बटण वरच्या पट्टीत दाबलेलं आहे ना, तेही बघा.

आता जुनाच सिंबॉल का येतो, ज्यानं तुमची झोप घालवली. इथं सिंबॉलचे मुख्य तीन संग्रह असतात. एक सॉफ्टवेअरसोबत येणारा, त्यात बदल करता येत नाही. दुसरा तुमचा स्वतःचा. तिसरा त्या प्रोजेक्टच्या पोटातला. तुम्ही सिंबॉल ओढून फोलिओवर टाकला त्या क्षणी त्याची एक प्रत प्रोजेक्टच्या पोटात गेली. पुढं तुम्ही दुरुस्त करत राहिलात तुमच्या संग्रहातला, आणि ड्रॉइंग बघतंय पोटातली प्रत. परत ओढल्यावर एक खिडकी येते: प्रोजेक्टमधला आहे तोच वापरू की नवा घेऊ? आपण घाईत ओके दाबतो आणि जुनाच येतो. तिथं नवा घ्या आणि जुन्यावर लिहा असं निवडायचं. किंवा सरळ ड्रॉइंगमधल्या सिंबॉलवर राइट क्लिक करून तिथूनच एडिट करायचा, मग पोटातलीच प्रत उघडते.

दोन गोष्टी सांभाळा. माझ्याकडं तरी बदल केल्यावर प्रोजेक्ट सेव्ह करून, बंद करून परत उघडला की नवा सिंबॉल नीट दिसतो. आणि टर्मिनल हलवलंत तर त्याला आधी जोडलेल्या वायरी सुटू शकतात. आधी फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवा. मी नव्हती ठेवली, एका काजू कारखान्याच्या पॅनलच्या ४० वायरी परत ओढल्या.

मालवणी_शॉर्टसर्किट

माका पण असाच झालला! ताईनी सगळा सांगल्यानीच, मी नावाचा तेवढा सांगतंय.

तुम्ही एसपीपी१ साधं टेक्स्ट म्हणून लिहिलंय. साधं टेक्स्ट म्हणजे चित्राचाच भाग, बोटीच्या नाळेवर रंगवलेल्या नावासारखं, ते प्रत्येक पानावर तेच राहणार. ते पुसा आणि डायनॅमिक टेक्स्ट फील्ड टाका. त्याच्या स्रोतात एलिमेंटची माहिती निवडा आणि त्यात लेबल. मग ड्रॉइंगमध्ये सिंबॉलवर डबल क्लिक करून प्रत्येकाचं लेबल वेगळं द्यायचं. एका पानावर एसपीपी१, दुसऱ्यावर एसपीपी२.

आणि सिंबॉलच्या फाइलचं नाव देवनागरीत देऊ नका, घेत नाही. इंग्रजी लहान अक्षरं, आकडे, आडवी रेघ, खालची रेघ आणि टिंब, एवढंच चालतं. मी हौसेनं "पाण्याची टाकी" असं नाव देत बसलो होतो, काही घेईना. संग्रहात दिसणारं नाव मात्र मराठीत ठेवता येतं. माझ्या संग्रहात "विहिरीतला फ्लोट" आणि "माडाबागेचा पंप" आहेत.

मिऱ्याबंदर_वायरमन

ताई, दंडवत. वायचं टर्मिनल ३वर होतं. तीन! आणि पाचही टर्मिनलं दक्षिणेला तोंड करून बसलेली, नमाजाला बसावीत तशी एका दिशेला. आकडे घातले, दिशा बदलल्या, ड्रॉइंगमधूनच एडिट केलं, बंद करून उघडलं. सिंबॉल कॉन्टॅक्टरखाली नेला आणि टक्कन तीन वायरी पडल्या. मुलीला बोलावून दाखवलं, तिला काही विशेष वाटलं नाही.

शॉर्टसर्किट भाऊ, लेबलचंही जमलं.

आता पुढचं. एसपीपीची डबी पॉवरच्या पानावर आहे आणि तिचा कॉन्टॅक्ट कंट्रोलच्या पानावर, मेन कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या सीरीजमध्ये. कॉन्टॅक्टरच्या कॉइलखाली जसे त्याचे कॉन्टॅक्ट कुठल्या पानावर आहेत ते आपोआप येतं, तसं एसपीपीखाली यायला हवं. मी कॉन्टॅक्टचा वेगळा सिंबॉल केला, एनसी (नॉर्मली क्लोज्ड) काढला, कारण पंप चालू असताना तो बंद असतो. पण दोघांचा संबंध कसा लावायचा?

कुडाळची_पॅनलवाली

डबीच्या प्रॉपर्टीत प्रकार साधा आहे, तो मास्टर करा. कॉन्टॅक्टचा स्लेव्ह करा. मग ड्रॉइंगमध्ये कॉन्टॅक्टवर डबल क्लिक केलं की मास्टरची यादी येते, त्यातून एसपीपी१ निवडा. डबीखाली पान आणि रकान्याचा नंबर आपोआप येईल. प्रकार साधा असेल तर ती यादीच येत नाही.

पण दादा, एनसी का काढलात?

निवृत्त_निदेशक (चिपळूण)

मीही तेच विचारणार होतो. ३१ वर्षं आयटीआयमध्ये शिकवलं, आणि प्रत्येक बॅचमध्ये निम्मी मुलं इथंच अडकायची. दोष आपल्या भाषेचाही आहे. पंप बंद म्हणजे वीज नाही, आणि कॉन्टॅक्ट बंद म्हणजे वीज जाते. एकच शब्द, उलटा अर्थ. म्हणून मी वर्गात कॉन्टॅक्ट "जुळलेला" आणि "उघडा" म्हणायचो.

ड्रॉइंगमधला प्रत्येक कॉन्टॅक्ट निर्जीव अवस्थेत काढायचा. पॅनलला सप्लाय नाही, कुणी बटण दाबलेलं नाही, कॉइल ओढलेली नाही, तेव्हा कॉन्टॅक्ट कसा आहे, ते. चालू पंपाचं चित्र नाही काढायचं.

आता तुमच्या एसपीपीकडं या. तीनही फेज नीट आणि क्रमानं आले की आतला रिले ओढला जातो आणि कॉन्टॅक्ट जुळतो. फेज गेला, क्रम उलटला किंवा सप्लायच गेला, तर रिले सुटतो आणि कॉन्टॅक्ट उघडतो. म्हणजे निर्जीव अवस्थेत उघडा. म्हणजे एनओ, नॉर्मली ओपन. तो मुद्दाम असा असतो. एसपीपी स्वतः जळला किंवा त्याची वायर तुटली तरी मोटर चालू होता कामा नये. तुम्ही एनसी काढलात, उद्या दुसऱ्या वायरमननं तुमचं ड्रॉइंग बघून खरोखर एनसीला वायर टाकली, तर सगळं नीट असताना मोटर लागणार नाही आणि एक फेज गेल्यावर लागेल. मग तो काय करील? बायपास करील.

काही डब्यांत दोन्ही कॉन्टॅक्ट बाहेर काढलेले असतात, कॉमन, एनओ आणि एनसी. तेव्हा डबीवरची छपाईही तपासा. खात्री हवी असेल तर सप्लाय काढून मल्टिमीटर लावा.

जाता जाता, ३० एचपीला फक्त व्होल्टेज बघणारा एसपीपी लावू नका. चालती मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते, आणि साध्या डबीला तीनही फेज आहेत असंच वाटतं. करंट बघणारा, सीटीवाला (करंट ट्रान्सफॉर्मरचा) घ्या. मग तुमच्या सिंबॉललाही सीटीची टर्मिनलं लागतील, ती आत्ताच धरा.

मालवणी_शॉर्टसर्किट

गुरुजींनु, ह्या "जुळलेला" आणि "उघडा" माका पहिल्या वर्षाक कोणी सांगितला असता तर एक मोटर वाचली असती.

मिऱ्याबंदर_वायरमन

गुरुजी, तुमचं वाचलं आणि आज सकाळी छत्री घेऊन कारखान्यात गेलो. जुनी एसपीपीची डबी अजून पॅनलमध्ये लटकलेली आहे. मेन स्विच काढला, टेस्टरनं बघितलं, मग मल्टिमीटर लावला. ड्रॉइंगमध्ये ज्याला मी एनसी म्हणत होतो तो उघडा. एनओ.

आणि मग कंट्रोलची वायर शोधत गेलो. वाळवीनं खाल्लेला भाग तो हाच. वायर एनओला नव्हती, शेजारच्या एनसीच्या टर्मिनलला होती, आणि तिथून तिच्यावरच एक बारीक पिवळी वायर घालून कॉन्टॅक्ट शॉर्ट केलेला. म्हणजे गुरुजी म्हणाले तेच झालं होतं. आधी चुकीच्या टर्मिनलला वायर टाकली, मोटर लागेना, मग बायपास. पॅनल माझ्या आधी ज्यानं बांधलं त्याला दोष देणार होतो, पण काल मीही तोच कॉन्टॅक्ट एनसी काढला होता. पिवळी वायर खिशात घालून घरी आलो.

सिंबॉल नव्यानं केला. कॉन्टॅक्ट एनओ, स्लेव्ह, डबी मास्टर. वरची तीन टर्मिनलं उणे २०, ०, २०वर. डाव्या बाजूला सीटीची दोन, पश्चिमेकडं तोंड करून. डबीखाली पान ३ असं आपोआप आलं, ते चार वेळा बघितलं. मालकाला विचारून सीटीवाला एसपीपी मागवलाय, परवा येईल. आला की टर्मिनलचे नंबर डबीवरून बघून लेबलात टाकीन.

आता एकच. ड्रॉइंग पीडीएफ करून ए३वर छापून लॅमिनेट करणार आहे, वाळवीसाठी. लॅपटॉपवर "मिऱ्या बंदर" आणि "कंप्रेसर" नीट दिसतं, पण झेरॉक्सवाल्याकडं प्रोजेक्टची फाइल उघडली तर तिथं नुसते चौकोन.

कुडाळची_पॅनलवाली

त्याच्याकडं मराठीचा तो फॉन्ट नाही. प्रोजेक्टची फाइल नेऊ नका, तुमच्याच लॅपटॉपवर पीडीएफ करून पेनड्राइव्हवर न्या. आणि लॅमिनेशनच्या कडा पॅनलच्या दारापेक्षा बोटभर लहान ठेवा, नाहीतर दार लागत नाही.