सभ्यतेची सुरुवात कुठून धरायची? माझं मत: उरुकच्या ओबडधोबड वाडग्यापासून

खापरी (धागाकर्ता)

मानवी सभ्यता कुठे आणि कधी सुरू झाली असं विचारलं की हल्ली पहिलं नाव गोबेक्ली टेपेचं येतं. आग्नेय तुर्कस्तानातली ती टेकडी, इ.स.पू. ९५०० च्या सुमारास उभारायला लागलेले टी आकाराचे दगडी खांब, त्यातले काही साडेपाच मीटर उंच. जागा थक्क करणारी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिला सभ्यतेची सुरुवात म्हणणं मला पटत नाही.

सुरुवात धरायचीच तर ती दक्षिण इराकमधल्या उरुकपासून, इ.स.पू. चौथ्या सहस्रकाच्या उत्तरार्धापासून धरावी, असं माझं मत आहे. आणि पुरावा म्हणून मी देऊळ किंवा तटबंदी पुढे करणार नाही. एक वाडगा पुढे करेन. जाड, खडबडीत, काठ तिरपा कापलेला. चाकावर घडवलेला नाही, बहुतेक साच्यात माती दाबून काढलेला. त्यावर ना नक्षी ना रंग. पण उत्खननात तो हजारोंनी निघतो. तिथल्याच सर्वांत जुन्या मातीच्या पाट्यांवर 'खाणे' किंवा 'शिधा देणे' या अर्थाचं एक चिन्ह आहे: माणसाचं डोकं आणि त्याच्या तोंडाशी असाच एक वाडगा.

कुळात, गावात माणूस आपल्या माणसांच्या चुलीवर जेवतो. इथे पहिल्यांदा दिसतं की ज्याला कोणी तोंडाने ओळखत नाही, त्यालाही मापाने अन्न मिळतंय आणि त्याची नोंद होतेय. अनोळखी माणसांनी पिढ्यानपिढ्या एकत्र राहणं, हीच माझ्या लेखी सभ्यता. शेती त्याच्या कितीतरी आधीची, देवही आधीचे.

पाणवठा

तीव्र असहमत. तुम्ही आधी उरुक निवडलंत आणि मग त्याच्या मापाची व्याख्या शिवलीत.

गोबेक्लीच्या खाणीत जवळपास सात मीटर लांबीचा एक खांब अर्धवट कोरलेल्या अवस्थेत अजून खडकात पडून आहे. असले खांब गारगोटीच्या हत्यारांनी सुटे करायचे, ओढत न्यायचे, उभे करायचे. हे एका कुटुंबाचं काम नव्हे. तिथे काळविटांसारख्या गॅझेल हरणांची, रानबैलांची हाडं ढिगांनी मिळाली, धान्य दळायचे दगडही हजारोंनी मिळाले, आणि धान्य अजून रानटीच होतं. म्हणजे मोठ्या जमावाच्या जेवणाची सोय तुमच्या वाडग्याच्या सहा हजार वर्षं आधी झालेली आहे. नंतरच्या उत्खननात राहत्या घरांचे आणि पावसाचं पाणी साठवायच्या टाक्यांचे पुरावेही पुढे आले.

आणखी एक. १९६३ च्या पाहणीत हीच टेकडी पाहिली गेली होती, पण वर दिसणारे दगड मध्ययुगीन थडग्यांचे समजून सोडून दिले. १९९० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ क्लाउस श्मिट यांनी ते नीट पाहिले तेव्हा ते काय आहेत ते कळलं. मनात आधीच ठरवलेलं चित्र डोळ्यांपुढचा दगडसुद्धा दिसू देत नाही, म्हणून व्याख्येवर इतका जोर देऊ नका असं कळकळीने सांगतो.

अक्षरवेडी

वादाचं निम्मं मूळ आपल्या शब्दांत आहे. मराठीत आपण 'सिंधू संस्कृती' म्हणतो आणि भांडी, गाणी, चालीरीती यांनाही 'संस्कृती'च म्हणतो. एकाच शब्दावर दोन ओझी. 'सभ्य' हा शब्द सभेवरून आला, सभेत बसण्याजोगा तो सभ्य. 'नागर' हा नगरावरून. पाणवठा सभेबद्दल बोलत आहेत आणि खापरी नगराबद्दल. सभा नगराच्या आधीची असणार हे उघड आहे.

साधा वाचक

मार्गारेट मीड या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी म्हटलं होतं ना, की सभ्यतेची पहिली खूण म्हणजे मोडून जुळलेलं मांडीचं हाड? जखमी माणसाला कोणीतरी सांभाळलं, खाऊ घातलं, म्हणून ते जुळलं. मला ते सगळ्यांत पटतं.

मागोवा

वाचायला सुंदर आहे, पण ते वाक्य मीड यांच्या लेखनात सापडत नाही, लोकांनी पुढे ते त्यांच्या नावावर फिरवलं. शिवाय रानातल्या प्राण्यांचीही मोडलेली हाडं कधीकधी जुळतात.

पण त्यामागची भावना टाकून देऊ नका, तिला खराखुरा पुरावा आहे. उत्तर इराकमधल्या शानिदार गुहेत १९५७ साली राल्फ सोलेकी यांच्या चमूला एका निअँडरथल (आपल्याहून वेगळी, नामशेष झालेली मानव प्रजाती) पुरुषाचा सांगाडा मिळाला. डाव्या डोळ्याजवळ कवटीला जबर मार, त्यामुळे त्या डोळ्याने बहुधा दिसत नसावं. उजवा हात खुरटलेला आणि कोपराच्या वरपासून खालचा भाग नाहीच. पाय अधू. आणि या जखमा मरणाच्या कितीतरी आधी भरून आलेल्या. हा माणूस चाळिशीपर्यंत जगला. अशा शरीराने एकट्याने शिकार करून तो इतका जगला असेल असं मला वाटत नाही. म्हणजे दुसऱ्याला सांभाळणं हे सभ्यतेच्या, शेतीच्या, कदाचित आपल्या मानव प्रजातीच्याही आधीचं आहे. म्हणूनच मी ती सभ्यतेची खूण मानत नाही. ती त्याहून जुनी आणि मोठी गोष्ट आहे.

साधा वाचक

हे माहीत नव्हतं. वाक्य गेलं, पण शानिदारचा माणूस मिळाला. आभार.

उंबरठा

खापरी, तुमच्या मांडणीला खरा धोका गोबेक्लीचा नाही, युक्रेनचा आहे. इ.स.पू. ४००० च्या आसपास तिथे त्रिपिल्या संस्कृतीच्या प्रचंड वस्त्या होत्या. त्यांतल्या तालियांकी या वस्तीचं क्षेत्रफळ सुमारे ३२० हेक्टर, म्हणजे चौथ्या सहस्रकाच्या अखेरच्या उरुकपेक्षाही जास्त. घरं एकात एक लांबट वर्तुळांत मांडलेली, मधली जागा मोकळी. राजवाडा नाही, राजाची कबर नाही, लेखन नाही. लोक तिथे बारमाही राहत होते की काही महिनेच, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण इतक्या मोठ्या वस्तीत प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखत असेल हे शक्य नाही. मग शिध्याची पाटी न लिहिता अनोळखी माणसं एकत्र नांदली की नाही?

खापरी (धागाकर्ता)

हा मुद्दा मला हलवून गेला. खरं सांगतो, याचं पुरेसं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच म्हणेन की त्रिपिल्याच्या त्या वस्त्या काही शतकांत विरून गेल्या आणि त्यांची रीत पुढे कोणी चालवलेली दिसत नाही. उरुकची पाटी मात्र पुढे तीन हजार वर्षं चालली. सुमेरी गेले, अक्कादी आले, बाबिलोन आलं, लिपी तीच राहिली.

पाणवठा

टिकलं ते सभ्य आणि विरलं ते नाही, हे निकष म्हणून भयंकर आहे. त्याच पाट्यांवर दासीसाठी कोणतं चिन्ह आहे ते सांगितलं नाहीत. स्त्रीचं चिन्ह आणि शेजारी डोंगराचं. डोंगर म्हणजे परमुलूख. डोंगरापलीकडून आणलेली बाई. तुमच्या अनोळखी माणसांच्या एकत्र राहण्यात ती कशी आली, हेही त्या चिन्हातच लिहिलंय.

आणि तुमचा वाडगा नाकारणारेही होते. इराकी कुर्दिस्तानात शाखी कोरा नावाचं ठिकाण आहे. तिथे असेच वाडगे सापडले, त्यांत बऱ्याच अंशी मांसाच्या पदार्थांचे अंश आढळले. मोठी सार्वजनिक वास्तू होती. मग लोकांनी ती सोडून दिली. हल्ल्याच्या खुणा नाहीत, दुष्काळाच्याही नाहीत. त्या भागात तशी केंद्रीय व्यवस्था पुढे हजारेक वर्षांहून अधिक काळ परत आली नाही. उत्खनन करणाऱ्यांचा अंदाज असा की लोकांनी ती जाणूनबुजून नाकारली असावी. मग ते असभ्य झाले का?

वाटसरू

मेहरगढ कोणीच कसं काढलं नाही? बलुचिस्तानातल्या बोलन खिंडीजवळ इ.स.पू. ७००० पासूनची शेती, जिवंत माणसांच्या दाढांना गारगोटीने पाडलेली छिद्रं!

मागोवा

दाढांची छिद्रं खरी आहेत, नऊ जणांच्या अकरा दातांत ती मिळाली. पण ७००० हे साल आता जपून वापरा. तिथल्या दातांच्या एनॅमलवरून नव्याने केलेली कालगणना तो काळ इ.स.पू. सहाव्या सहस्रकाच्या अखेरीकडे आणते. महत्त्व त्याने कमी होत नाही.

अक्षरवेडी

पेरूमधलं काराल राहिलं. इ.स.पू. २६०० च्या सुमारास समुद्रापारच्या कोणाचाही संपर्क नसताना उभं राहिलेलं शहर. मोठमोठे चौथरे, पण मातीचं भांडं नाही आणि लिपीही नाही. गवताच्या जाळीदार पिशव्यांत दगड भरून त्या पिशव्यांसकट चौथऱ्यांत रचले आहेत. त्याच गवती पिशव्यांवरून रेडिओकार्बन पद्धतीने काळ ठरला. तिथे गाठी मारलेल्या दोऱ्यांचा एक किपूही मिळाला. नोंद हवीच असेल खापरी, तर ती दोरीवरही राहू शकते. फक्त दोरी कुजते आणि मातीची पाटी राहते.

खापरी (धागाकर्ता)

बरोबर आहे. नोंद म्हणजे पाटीवरचं लेखनच, हे मी मागे घेतो. 'सुरुवात' एकवचनी आहे हाही आग्रह सोडतो, कारण कारालला उरुकची शाखा कोणीच म्हणू शकत नाही. दासीच्या चिन्हाबद्दल पाणवठांशी मी वाद घालणार नाही. ते मी धाग्यात आधीच लिहायला हवं होतं.

वाडगा मात्र सोडत नाही. नाव-गाव नसलेल्या माणसाच्या वाट्याचं अन्न कोणीतरी मोजलं, त्यात न्यायही होता आणि जबरदस्तीही. दोन्ही एकाच मापात. आणि अक्षरवेडींनी पाटी टिकण्याचं म्हटलं म्हणून सांगतो, उरुकच्या त्या पहिल्या पाट्या कोणी जपून ठेवलेल्या नव्हत्या. काम संपल्यावर फेकल्या होत्या. एआन्ना या उरुकमधल्या देवळांच्या आवारात नवं बांधकाम करताना खापरं आणि राडारोड्याबरोबर त्या भर म्हणून टाकल्या गेल्या, आणि त्या भरावातच सापडल्या.